नसलेल्या पायाचं दुखणं

भूल देणाऱ्या डॉक्टरचा चेहरा पेशंटला आठवत नाही. सर्जनला पेढे मिळतात, सिस्टरला कुणी खण-नारळ देतं, वॉर्डबॉयचंही चहापाणी होतं. आम्ही पेशंट झोपायच्या आधी येतो आणि तो नीट जागा व्हायच्या आत पुढच्या दवाखान्यात पोचलेलो असतो. नगरमध्ये नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली छोटे दवाखाने निघाले होते आणि भूलतज्ज्ञ मोजकेच होते. कायनेटिकवर पायाशी बॅग ठेवून मी सावेडीहून माळीवाड्याला, तिथून दिल्लीगेटला अशी दिवसभर फिरायची. एकदा भाजी घेताना एक बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो." मीच त्यांना दोन्ही बाळंतपणांत भूल दिली होती. मी म्हटलं, "असेल, असेल," आणि मेथीची जुडी घेऊन निघाले.

बॅगेत नळ्या, मास्क, इंजेक्शनं आणि केटामिनची बाटली. या औषधाविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढची हकिगत त्याचीच आहे. पूर्ण भूल द्यायची तर मशीन लागतं, वीज लागते, आणि वीज जाणं हा तर आमच्याकडचा रोजचा कार्यक्रम. केटामिन या बाबतीत गरिबाघरच्या पाहुण्यासारखं, असेल त्यात भागवणारं. शिरेतून दिलं की बघता बघता माणूस दुखण्यापासून तुटतो. श्वास त्याचा तोच घेत राहतो. ऑक्सिजन जवळ ठेवायचा, पण बहुतेकदा लागत नाही. डोळे मात्र उघडेच राहतात. नवखे नातेवाईक त्यानेच घाबरतात. माणूस बघत असतो, पण इथलं काही बघत नसतो.

त्यातून बाहेर येताना माणसं बोलतात. भिंगारच्या एका पैलवानाचा निखळलेला खांदा बसवला, तर तो अर्धा तास कळवळून सांगत होता, "मी मुंगी झालोय, कुणी फुंकू नका." एका निवृत्त हेडमास्तरांनी आख्ख्या वर्गाची हजेरी घेतली, सर्जनला गैरहजर ठरवलं आणि उद्या पालकांना घेऊन यायला सांगितलं. एका आजींनी वरून गाव पाहिलं म्हणे, आणि कुणाच्या छपराचे पत्रे सरकलेत तेही सांगितलं.

हसण्यासारखंच सगळं नसे. काहीजण घाबरून किंचाळत. मनात जे घेऊन माणूस जातो तेच त्याला तिकडे भेटतं, हा माझा अनुभव. म्हणून सुई टोचण्याआधी मी विचारायची, "तुमच्या मळ्यात आता काय लावलंय?" किंवा "लेकीचं नाव काय?" खोली शांत ठेवायची, पेशंटला हलवायचं नाही, आणि तो जे बोलेल ते बाहेर न्यायचं नाही. हा शेवटचा नियम मला कुणी शिकवला नव्हता.

पुण्याला संमेलनात जुन्या मैत्रिणी भेटल्या की हसायच्या. "अजून केटामिनच का गं? ते घोड्यांचं औषध!" मीही हसून विषय बदलायची. फाटलेल्या साडीची शिवण पदराखाली लपवावी तशी मी ती बाटली लपवायची. आमच्या टेबलांवर कुणी दगावत नव्हतं ते बरंचसं तिच्यामुळे, हे ठाऊक असूनही.

भीमराज साळवे पहिल्यांदा आले ते उरलेल्या पायाला गळू झालं म्हणून. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, घोडेगावच्या अलीकडच्या एका गावचे. श्रीलंकेत सुरुंग फुटला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. टेबलावर आडवे झाले तरी हात अंगालगत सरळ, हनुवटी वर, झोपूनही सावधान. मी नेहमीसारखं विचारलं, "कुठली जागा आवडते तुम्हाला?"

"सरळ इंजेक्शन मारा मॅडम," ते म्हणाले. "आमाला गोष्टी नगं."

गळू फोडायला फार वेळ लागला नाही. भूल उतरताना मात्र त्यांचा चेहरा एकदम विरघळला. त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. नातेवाईक दार लोटून डोकावायचेच. बायको कमलबाई, धाकटा भाऊ आणि गावातले दोघेजण दारात उभे होते. साळव्यांनी कमलबाईंकडे बघून दोन्ही हात वर केले आणि लहान पोरासारखं रडत म्हणाले, "आये, मला उचल की. आये, मला कडंवर घे." त्याच वेळी चादर ओली झाली.

दारातला एकजण हसला. मग दुसरा. मग भाऊही. ते हसणं वाईट माणसांचं नव्हतं. काय करावं ते न सुचलेल्या माणसांचं होतं, पण हसणं ते हसणंच. कमलबाईंनी पदर सोडून चादरीवर टाकला. मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं, तोवर साळव्यांची नजर परत आली होती. ते छताकडे बघत होते. हात पुन्हा अंगालगत.

"मी काय बोललो?" त्यांनी विचारलं.

"सगळेच काहीतरी बोलतात," मी म्हटलं.

गावात काय झालं ते मला नंतर समजलं. त्यांच्याआधी ती गोष्टच गावात पोचली होती, आणि पारावरची पोरं एकमेकांना "कडंवर घे" म्हणायला लागली होती.

पंधरवड्याने कमलबाई एकट्याच एसटीने आल्या. मी दुसऱ्या केससाठी त्याच दवाखान्यात होते. मला बाजूला घेऊन, तोंडावर पदर धरून, बायकांचं दुखणं सांगावं तशा खाली मान घालून म्हणाल्या, "त्येंचा पाय दुखायचा थांबला हुता."

"बरं झालं की. जखम भरली ना?"

"ह्यो न्हाई मॅडम." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "गेलेला."

मग त्या थांबत थांबत सांगत गेल्या. पाय गेला त्या दिवसापासून साळव्यांना गेलेला पाय दुखत होता. नसलेली बोटं पिळल्यासारखी व्हायची, नसलेल्या तळव्याला निखारा लावल्यासारखं व्हायचं. मग ते गोठ्यात जाऊन बसायचे आणि पाय जिथे असायला हवा तिथल्या जमिनीवर काठीने बडवत राहायचे. खाटही गोठ्यातच टाकली होती, पण झोप नव्हती. कुणी मागून हाक मारली तरी अंगावर धावून जायचे. शेजारपाजारचे म्हणत, पेन्शन वाढवून घ्यायला सोंग करतोय. फौजेच्या डॉक्टरांना त्यांनी हे कधी सांगितलंच नव्हतं. जो पाय नाही तो दुखतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"हितून गेल्यावर आठवडाभर दुखलाच न्हाई," कमलबाई म्हणाल्या. "रात्रभर झोपले. माज्याशी चार शब्द बोलले. आता पुन्ना सुरू झालं. पर तुमच्याकडं यायला तयार न्हाईत. म्हनत्यात, मेलो तरी त्या टेबलावर तसा झोपनार न्हाई. आता डॉक्टरांकडनं गुडघ्याच्या वरून कापून घ्यायचं ठरीवलंय. कंबरंतनं इंजेक्शन देऊन."

मी सर्जनना विचारलं. ऑपरेशन खरंच ठरलं होतं. त्यांची समजूत प्रामाणिक होती: टोकाशी मज्जातंतूंची गाठ झाली असेल, वरून कापलं तर सुटेल कदाचित. पण गुडघा गेला की नकली पायावर चालणं निम्मं संपतं. आणि वरून कापूनही नसलेला पाय दुखायचा राहत नाही, अशी उदाहरणं मी वाचली होती. थोड्या केटामिनने असं दुखणं काही दिवस शमतं, असंही कुठेकुठे वाचनात आलं होतं. प्रत्यक्ष कुणी केलेलं मात्र मी पाहिलेलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासायला गेले तेव्हा साळवे खाटेवर ताठ बसले होते. मी स्टूल ओढलं.

"पाय आत्ता दुखतोय?" मी विचारलं. "कुठे?"

त्यांनी रिकाम्या चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चेष्टा करत नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग बोटाने हवेत जागा दाखवली. "हितं. अंगठा आत वळलाय. सरळ व्हईना."

"हे दुखणं खरं आहे," मी म्हटलं. "पाय गेला, पण त्याच्या नसा मेंदूपर्यंत शाबूत आहेत. त्या निरोप पाठवत राहतात. तुम्ही सोंग करत नाही आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही. पण वरून कापलं तर हे थांबेल असं मी सांगू शकत नाही. गुडघा जाईल आणि अंगठा वळलेलाच राहील."

ते म्हणाले, "हे आधी कुनी सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं होतं का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मग मी त्या औषधाचं सांगितलं. या कामासाठी ते इथे कुणी देत नाही, मीही दिलेलं नाही, उपयोग होईलच असं नाही, हेही सांगितलं. थोडं थोडं, सलाइनमधून, हळूहळू. पूर्ण भूल नाही. त्यांनी एकदम तोंड फिरवलं.

"मॅडम, सुरुंग फुटला तवा मी ओरडलो न्हाई. मांडी हातानं आवळून धरली, दुसऱ्याला रस्ता सांगितला. सगळ्यांनी बघितलंय. आन् हितं चार मानसांत मुतलो, बायकोला आये म्हनलो. पाय कापा. पर ते औषध मानसाला नागडं करतंय."

खरंच होतं ते. आम्ही पोटं उघडतो, हाडं उघडतो, त्यावर चादरी घालतो, पण याच्यावर चादर नव्हती. त्या दिवशीचं दारातलं हसणं माझ्या अंगावर पुन्हा आलं.

"दाराला कडी लावून घेते," मी शेवटी म्हटलं. "आत कुणी नसेल. भाऊ नाही, वॉर्डबॉय नाही."

"कमल बी नगं," ते लगेच म्हणाले. "ती तर नगंच."

"मी असणार. मला तिथून हलता येत नाही."

"तुमी आयकताच सगळ्यांचं."

सर्जन माझ्यावर चिडले. "मॅडम, तुम्ही भूल द्या. पाय माझ्याकडे राहू द्या." पण माणूस भला होता. दोन महिने थांबायला तयार झाला, आणि सुताराला बोलावून ड्रेसिंगच्या खोलीला आतून कडीही बसवून दिली.

दुपारी दवाखाना जेवायला ओस पडला की आम्ही सुरुवात करायचो. ऑक्सिजन जवळ, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा, सलाइन थेंबाथेंबाने. पहिल्या वेळी साळव्यांनी टॉवेलचा बोळा दातांत धरायला मागितला, म्हणजे तोंडातून शब्द फुटायला नको. मी तो दिला नाही, गुदमरायचं भय. ते बोलले. पुढच्या खेपांनाही बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. कमलबाई बाहेर बाकावर बसून असायच्या. मी बाहेर आले की माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, आणि मी बॅग आवरायचं निमित्त करायची. एखाद्याच्या बायकोला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असणं, यात लाजेचा एक प्रकार आहे. आपला काही गुन्हा नसतो, तरी मान वर होत नाही.

एकदा औषधाच्या अमलात त्यांनी हाक मारली. "कमल! कमल, ये की गं!" आवाज मोठा होता. दाराबाहेर बाक सरकल्याचं ऐकू आलं, पावलं आली आणि थांबली. दाराच्या फटीत साडीचा हिरवा काठ दिसत होता. ते हाका मारत होते. ती आली नाही. कडी मी लावलेली होती, पण तिने दाराला हातसुद्धा लावला नाही.

ते पूर्ण जागे झाल्यावर मी त्यांना तेवढंच सांगितलं.

"तिला आयकू गेलं?"

"गेलं."

"मंग आली का न्हाई?"

"तुम्हीच नको म्हणालात ना."

त्यांनी कोपर डोळ्यांवर घेतलं. त्या दिवशी ते तिच्याशी न बोलता एसटी स्टँडवर गेले. मी गॅलरीतून पाहिलं, कुबड्यांवर ते पुढे आणि ती चार पावलं मागे.

पुढच्या वेळी बाकापाशी थांबून ते म्हणाले, "चल आत. काय आयकशील ते आयक." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

कमलबाई त्यांच्या उशाशी बसल्या. मी पायाकडे, सलाइनच्या थेंबांवर नजर ठेवून. ते बोलायला लागले. आम्ही दोघींनी ऐकलं. मी आधी ऐकलं होतं तेच, थोडं अधिक. संपल्यावर कमलबाई बाहेर गेल्या, बेसिनवर तोंड धुतलं, आणि पदराने पुसत मला म्हणाल्या, "एवढंच हुतं व्हय? एवढ्यासाठी इतकी वर्सं गोठ्यात झोपले?"

नंतर साळवे घरात झोपायला लागले. हे मला त्यांनी नाही, कमलबाईंनी सांगितलं. दुखण्यातली उसंत वाढत गेली. मी जोडीला रात्रीची एक गोळीही सुरू केली होती, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं हे मला सांगता येत नाही. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, हेची चटक लागंल का? परवा दुखत नव्हतं, तरी मला वाटलं तुमच्याकडं यावं. डोस्कं लई हलकं व्हतंय." ते ऐकून मी घाबरले. औषध दुखण्याला देत होते. त्यामागचं मनावरचं जे ओझं हलकं होत होतं ते माझ्या विषयातलं नव्हतं, आणि त्या वेळी नगरमध्ये त्या विषयातलं बोलणार तरी कोणाशी? मी खेपा लांबवल्या, मग थांबवल्या. शेवटच्या वेळी पाय कसा आहे विचारलं तर म्हणाले, "दुखतोय. पर लांब दुखतोय."

गुडघा राहिला. त्यांना नकली पाय मिळाला. सर्जन त्यानंतर बाहेरच्या डॉक्टरांशी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "या आमच्या मॅडम. नसलेल्या पायाला भूल देतात." मी हे कुठल्या संमेलनात मांडलं नाही. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे एक कारण. घोड्यांचं औषध म्हणून कुणी हसेल, हे दुसरं. आता ऐकते की मोठ्या शहरांत सैनिकांच्या दुखण्याला आणि मनाच्या आजारालाही हेच औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात, आणि त्याचे तोटेही तपासतात. बरं वाटतं, आणि आपण अंधारात चाचपडत होतो याची कानकोंडी जाणीवही होते.

साळव्यांना मी नंतर एकदाच पाहिलं. मी गाडीने नेवाशाकडून येत होते, घोडेगावचा जनावरांचा बाजार भरला होता, रस्ता अडला होता. मी चहाला उतरले. म्हशींच्या रांगेपलीकडे ते उभे होते, पांढऱ्या पायजम्यात, दोन्ही पायांवर, एका व्यापाऱ्याशी हमरीतुमरीने भाव करत होते. इतका मोकळा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी हात वर केला. त्यांनी मला पाहिलं. ओळखलं. आणि पाठ फिरवून जनावरांच्या मागे गेले. घाईत नकली पाय किंचित अडखळला.

कमलबाई मात्र लगबगीने आल्या, माझे दोन्ही हात धरले. "जय भीम मॅडम. बरं हाय सगळं. थोरलीचं लगीन झालं." मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि ओशाळल्या. "तुमी मनाला लावून घिऊ नका. ते तुमाला लई मानत्यात. पर तुमाला बघितलं की त्येंना सगळं आठवतंय. लाजत्यात."

"मला कळतं," मी म्हटलं.

आयुष्यभर मला वाटत आलं होतं की पेशंटनी आपला चेहरा लक्षात ठेवावा. ज्या एकाने ठेवला त्याला तो चेहरा समोर नको होता. म्हशीच्या पाठीवरून त्यांचं डोकं दिसत होतं. मी जावं म्हणून ते थांबले होते, एखाद्या चूक केलेल्या मुलासारखे, चूक कसलीच नसताना. मी चहा अर्धा टाकून दिला, कमलबाईंचा निरोप घेतला आणि गाडीकडे चालत आले. त्यांना मोकळेपणी बाहेर येता यावं म्हणून वळून बघितलं नाही.